सात युरोंची सेंद्रिय कोर्बिएर आणि ओव्याचं पान

गारोनकाठी | शनिवार, रात्री ९.४०

मागे इथेच कुणीतरी लिहिलं होतं, "तू काय बाबा, फ्रान्समध्ये राहतेस, रोज भारीतली वाइन असेल." नाही हो. भारी वाइनची दुकानं मी काचेबाहेरूनच बघते. घरात येते ती दहा युरोंच्या आतली. गेल्या शुक्रवारी ६ युरो ९० सेंटला एक कोर्बिएर आणली. लाल, सेंद्रिय, तीन द्राक्षांचं मिश्रण. ती आम्ही दोघांनी तीन दिवस पुरवून प्यायली आणि तिन्ही दिवस ती वेगळी वागली. म्हणून हा धागा. जाणकारांनी हसू नये, मी काही शिकले-सवरलेली चाखणारी नाही.

आधी जागेबद्दल, कारण सगळी गंमत तिथेच आहे. कोर्बिएर हे एका गावाचं नाव नाही, दक्षिण फ्रान्समधला टापू आहे. तुलूजहून नार्बोनच्या दिशेने गाडी काढली, कार्कासोनचा किल्ला मागे टाकला की उजव्या हाताला टेकड्या सुरू होतात. खडक, चुनखडी, गुडघाभर खुरटी झुडपं. माझं माहेर खटाव तालुक्यातलं, त्यामुळे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा "अरे, हा तर आपला माळ!" असं तोंडातून निघालं होतं. फरक एवढाच की या माळावर बाभळीऐवजी द्राक्षवेली उभ्या असतात. मांडव नाही, बऱ्याच ठिकाणी तारसुद्धा नाही. जुन्या वेली तर नुसत्या वाकड्या खुंटासारख्या, कमरेच्याही खाली.

आणि वारा. सेर्स म्हणतात त्याला. वायव्येकडून येतो, कोरडा आणि हट्टी. पहिल्यांदा तिथे फिरायला गेलो तेव्हा गाडीचं दार माझ्या हातातून सुटलं होतं. पण पाऊस पडून गेला की हाच वारा काही तासांत पानं सुकवून टाकतो. पान ओलं राहिलं नाही तर बुरशीला बसायला जागा नाही. इकडचे बागायतदार सेंद्रियकडे वळले त्याचं मोठं कारण हे आहे. बोर्दोसारख्या दमट भागात हीच गोष्ट जिवावर येते. थोडक्यात, फवारणीची निम्मी मजुरी वाऱ्याने भरलेली असते. सात युरोंत सेंद्रिय बाटली मिळते ती त्यामुळे.

आता बाटली. मागच्या चिठ्ठीवर हिरव्या चौकोनात पांढऱ्या ताऱ्यांचं पान, ते युरोपचं सेंद्रिय चिन्ह. त्याखाली एफआर-बीआयओ-०१. हा तपासणी संस्थेचा क्रमांक, ०१ म्हणजे इकोसर्ट. साल २०२२, अल्कोहोल १४ टक्के. द्राक्षं: कारिन्यान, ग्रनाश आणि सिरा. (सिरा म्हणजे आपल्याकडे ज्याला शिराझ म्हणतात ते. घरात त्याला गोडाचा शिराच म्हणतात, ते सोडा.) कोर्बिएरला १९८५ मध्ये नावाचा अधिकृत दर्जा मिळाला, आणि या नावाने लाल वाइन विकायची तर ती मिश्रणच असावी लागते. स्वभाव वाटून घेतलेले आहेत: कारिन्यान आंबटपणा आणि तुरटपणा देतं, ग्रनाश गोडसर गर आणि अल्कोहोल, सिरा रंग आणि मिऱ्याची झाक. एकट्या कारिन्यानचं तर पूर्वी इथे नाव काढत नसत, भरमसाट पीक देणारं ढोबळ द्राक्ष म्हणून. जुन्या वेलींचं असेल तर मात्र वेगळंच प्रकरण.

पहिला दिवस. घरात २७ अंश. बाटली उघडली, ओतली, नाक घातलं तर नुसता स्पिरिटचा भपका. नवरा म्हणाला, फसलो. मग अक्कल आली. लाल वाइन "घरच्या तापमानाला" प्यावी म्हणतात ते घर युरोपातलं जुनं दगडी घर, १६-१७ अंशांचं. बाटली २५ मिनिटं फ्रिजमध्ये ठेवली. परत ओतली आणि बाई बदलली! आधी पिकलेलं जांभूळ, मग काहीतरी हिरवं, औषधी. मला ते नाव सापडेना.

सासूबाई सध्या कराडहून आल्यात. त्या पीत नाहीत, पण वासाला हरकत नाही म्हणाल्या. पेला नाकाशी धरला, डोळे मिटले आणि म्हणाल्या, "ओव्याचं पान कुस्करलंय गं यात."

मी थक्क. कारण त्या टेकड्यांवरची जी झुडपं, त्यांना इथे गारिग म्हणतात, त्यात रानटी थाइम असतं. आणि थाइमचा वास ज्या थायमॉलमुळे येतो तेच आपल्या ओव्यात असतं. फ्रेंच लोक ज्या वासाला "गारिग, गारिग" म्हणून चार ओळी खर्च करतात तो कराडच्या परसातल्या कुंडीत निघाला.

चव: पहिल्या घोटाला करवंद. कच्चं नाही, पिकू लागलेलं. मागून तुरटपणा, जांभळं खाल्ल्यावर जीभ जशी खरखरीत होते तसा. मध्ये मात्र थोडी पोकळी आहे. सुरुवात छान, शेवट बरा, मधला भाग पाण्यासारखा निसटतो, आणि गिळल्यावर चव फार रेंगाळत नाही. सात युरोंत याहून जास्त मागणं म्हणजे वडापावच्या पैशात थाळी मागणं.

दुसरा दिवस. बूच उलटं न लावता नीट दाबून फ्रिजमध्ये ठेवली होती. तुरटपणा बसला होता, ओवा कमी, मिरी जास्त. मला हा दिवस सगळ्यात आवडला. सोबत भरली वांगी आणि ज्वारीची भाकरी होती. वांग्यातलं दाण्याचं कूट आणि तीळ यांनी उरलासुरला तुरटपणा गिळून टाकला.

तिसरा दिवस. आमसुलाच्या पाण्याकडे झुकली. प्यायली, पण उगाच. शेवटचा अर्धा पेला मसुराच्या आमटीत गेला.

तुमच्याकडे, नाशिकला, पुण्यात, अमेरिकेत, परवडणारी सेंद्रिय लाल वाइन कुणी चाखली आहे का? नुसतं "छान होती" नको, नीट लिहा.

पणजीकर | शनिवार, रात्री १०.१५

ओव्याचं पान! सासूबाईंना साष्टांग नमस्कार.

आमची पहिली लाल वाइन म्हणजे गोव्यातली गोड पोर्ट. महाराष्ट्रातून येणारे पाहुणे तीच घेऊन जायचे आणि वर्षभर "आम्ही वाइन पितो" म्हणून सांगायचे. त्यामुळे पहिल्यांदा कोरडी लाल वाइन प्यायलो तेव्हा वाटलं बाटली खराब आहे. त्या धक्क्यातून बाहेर यायला दोन वर्षं लागली.

शंकासुर | शनिवार, रात्री ११.०२

लेख छान. पण सेंद्रिय म्हणजे नक्की काय? माझ्या माहितीप्रमाणे सेंद्रियवालेही फवारतात. मग हिरव्या पानाचे पैसे कशाला?

गारोनकाठी | शनिवार, रात्री ११.२०

@शंकासुर, फवारतात. गंधक आणि तांबं. संश्लेषित बुरशीनाशक, तणनाशक आणि रासायनिक खत चालत नाही. बागेला तीन वर्षं संक्रमणात काढावी लागतात, तोवर कष्ट सेंद्रियचे आणि भाव साधा. आणि २०१२ पासून युरोपात नियम फक्त बागेपुरता नाही, तळघरात वाइन कशी करता त्यालाही लागू आहे. त्याआधी चिठ्ठीवर "सेंद्रिय वाइन" असं लिहिताच येत नव्हतं, "सेंद्रिय द्राक्षांपासून केलेली" एवढंच.

चवीचं म्हणाल तर हिरव्या पानाला चव नसते. मी याच दुकानातून एक सेंद्रिय बाटली आणली होती तिला घोड्याच्या तबेल्याचा वास होता. ब्रेटानोमायसिस नावाच्या यीस्टचा प्रताप. काही लोकांना थोडासा आवडतो म्हणे. मला सिंकला आवडला.

डावणीवैरी | रविवार, सकाळी ६.१०

राम राम मंडळी. मी निफाड तालुक्यातला द्राक्ष बागायतदार. नावावरून कळलंच असेल माझं वैर कुणाशी आहे: डावणी, म्हणजे द्राक्षाच्या पानाघडांवर येणारी बुरशी. सात एकर टेबल म्हणजे खायचं द्राक्ष, दीड एकर वाइनचं शिराझ.

ताईंनी वाऱ्याचं लिहिलं ते वाचून पहाटे चहा गार झाला. आमचं दुखणं तेच आहे. आमच्याकडे वेल थंडीत झोपत नाही, म्हणून आम्ही वर्षातून दोनदा छाटतो. एप्रिलला खरड छाटणी, ऑक्टोबरच्या सुमारास फळछाटणी. पीक एकच, जानेवारी ते मार्च. आता फळछाटणीनंतर कोवळी फूट आणि पोंगा (नुकता उघडणारा डोळा) निघायला आणि परतीच्या पावसाला एकच मुहूर्त सापडतो. रात्री पाऊस, सकाळी धुकं, पान दुपारपर्यंत ओलं. तीन दिवस असं गेलं की डावणी घडात शिरली समजा. तुमचा तो सेर्स वारा आम्हाला भाड्याने द्या, मी उद्या सेंद्रिय होतो.

मी शिराझच्या अर्ध्या एकरात सेंद्रिय करून पाहिलं होतं. शेणखत, जीवामृत, निंबोळी अर्क, ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीवर जगणारी बुरशी) आणि बोर्डो, म्हणजे मोरचूद-चुन्याचं मिश्रण. पहिलं वर्ष बरं गेलं. दुसऱ्या वर्षी अवकाळीनं अर्धे घड कुजवले. तिसऱ्या वर्षी बायको म्हणाली, प्रयोग पुरे.

आणि शंकासुर साहेब, तांब्याचा हिशोब ऐका. एक टक्का बोर्डो म्हणजे १०० लिटर पाण्याला १ किलो मोरचूद आणि १ किलो चुना. हेक्टरी १००० लिटर धरलं तर मोरचूद १० किलो. मोरचुदात तांबं साधारण चौथा हिस्सा, म्हणजे एका फवारणीत अडीच किलो. युरोपात मर्यादा सात वर्षांत हेक्टरी २८ किलो, वर्षाला सरासरी ४. म्हणजे आमच्या पद्धतीच्या दोन फवारण्या पण बसत नाहीत! तिकडं ते थेंब मोजून, पातळ मात्रेत मारतात आणि बाकी वाऱ्यावर सोडतात. तांबं जमिनीतून जात नाही, साठत राहतं, गांडुळांना बाधतं. तेव्हा सेंद्रिय म्हणजे विषमुक्त असं कुणी म्हणालं तर मान हलवू नका.

गारोनकाठी | रविवार, सकाळी ११.०५

दादा, तुमचा प्रतिसाद आधी आला असता तर मी धागा काढलाच नसता, तुम्हालाच काढायला सांगितला असता.

निर्व्यसनी | रविवार, दुपारी १२.३०

सेंद्रिय विष. लिहा अजून कौतुकं. उद्या सेंद्रिय तंबाखूवर धागा येईल. ७५० मिलीला १४ टक्के म्हणजे १०५ मिली शुद्ध अल्कोहोल, वजनात सुमारे ८३ ग्रॅम. ते द्राक्ष शेणखतावर वाढलं की युरियावर, यकृताला कळत नाही.

गारोनकाठी | रविवार, दुपारी १.००

@निर्व्यसनी, हिशोब बरोबर आहे आणि मुद्दाही. जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्टच सांगितलं की कुठलंही प्रमाण निर्धोक म्हणता येणार नाही. धाग्यात मी "तब्येतीला चांगली" असं कुठेही लिहिलेलं नाही, लिहिणारही नाही. सेंद्रियचा फायदा झालाच तर बागेत राबणाऱ्या माणसाला, ओढ्याला आणि मातीला. पिणाऱ्याने तो स्वतःच्या खात्यात जमा करू नये.

गंधक | रविवार, दुपारी ३.४५

रसायनाचा माणूस आहे, राहवत नाही. अजून कुणी "सल्फाइटमुळे डोकं दुखतं, म्हणून सेंद्रिय प्यावी" हे लिहिलं नाही याचं आश्चर्य वाटतंय, म्हणून आधीच लिहून ठेवतो. सल्फाइट म्हणजे वाइन टिकावी म्हणून घालतात ते गंधकाचं रसायन.

एक, यीस्ट आंबवताना स्वतःच थोडा सल्फर डायऑक्साइड तयार करतं. त्यामुळे शून्य सल्फाइटची वाइन जवळजवळ नसतेच. युरोपात लिटरला १० मिलिग्रॅमच्या वर गेलं की चिठ्ठीवर छापावं लागतं. दोन, कोरड्या लाल वाइनला तिथे साधी मर्यादा १५० मिलिग्रॅम, सेंद्रियला १००. कमी आहे, पण आहे. तीन, पांढऱ्या वाइनमध्ये लालपेक्षा सहसा जास्त असतं. ज्यांचं डोकं फक्त लालने दुखतं त्यांनी दोष दुसरीकडे शोधावा. सल्फाइटचा खरा त्रास होतो तो काही दमेकऱ्यांना, आणि तो गंभीर असू शकतो.

आणि चार, जर्दाळू. गंधक दिलेल्या केशरी जर्दाळूंना युरोपात किलोला २००० मिलिग्रॅमपर्यंत परवानगी आहे. ते खाऊन कुणाचं डोकं दुखल्याचं ऐकलंय?

डावणीवैरी | रविवार, दुपारी ४.२०

गंधकराव, जर्दाळूपर्यंत कशाला जाता! आमचे पाहुणे तासगावला बेदाणा करतात. पिवळाधमक रंग यायला शेडमध्ये गंधकाची धुरी देतात. तो बेदाणा सत्यनारायणाच्या प्रसादात मूठभर पडतो, तिथं कुणी सल्फाइट विचारत नाही.

हळदकुंकू | रविवार, दुपारी ४.२२

हसून हसून पुरेवाट!! शिरा (गोडाचा) आठवला.

सांताक्लारामावशी | रविवार, रात्री ९.३०

अमेरिकेतली तऱ्हा सांगते. इथे दोन वेगळे शब्द आहेत आणि दुकानातला मुलगाही गोंधळतो. "सेंद्रिय वाइन" लिहायचं तर वरून सल्फाइट अजिबात घालायचं नाही. "सेंद्रिय द्राक्षांची वाइन" असेल तर १०० पीपीएमपर्यंत (दहा लाखांत १०० भाग) चालतं. त्यामुळे युरोपातली सेंद्रिय बाटली इकडे आली की बहुधा दुसऱ्या रांगेत बसते. वाइन तीच, मान कमी.

मी मेंडोसिनोकडची विनासल्फाइट लाल मिश्रण वाइन एकदा सहा बाटल्या स्वस्तात मिळाली म्हणून घेतली आणि गराजमध्ये ठेवली. जुलै-ऑगस्ट तिथेच. सप्टेंबरात उघडली तर कापून ठेवलेल्या सफरचंदाचा वास आणि रंग विटकरी. दोष वाइनवाल्याचा नाही, माझा. सल्फाइट हा वाइनचा छत्रीवाला असतो. छत्री काढून घेतली तर सावलीत ठेवायला नको का? तेव्हापासून अशी बाटली आणली की फ्रिजमध्ये आणि महिन्याच्या आत संपवायची.

पेठेतला | रविवार, रात्री १०.१०

पुण्यात उलट अडचण. दुकानात सेंद्रिय मागितलं तर "सर, सगळी द्राक्षाचीच असते" असं उत्तर मिळालं. एका ठिकाणी आयात केलेली मिळाली, स्पेनची. पण बाटल्या पश्चिमेच्या काचेला टेकून उभ्या, एप्रिल महिना. घरी उघडली तर बुडाला लागलेल्या मोरंब्याचा वास. बूच अर्धा सेंटीमीटर वर आलेलं होतं हे मला आधी दिसायला हवं होतं. दुकानदाराने परत घेतली नाही. आता मी मागच्या, अंधारातल्या फळीवरचीच बाटली मागतो आणि बुचावर बोट फिरवून बघतो.

शंकासुर | सोमवार, सकाळी ९.१५

ठीक. वारा समजला, तांबं समजलं. तरीही सात युरो? बाटली, बूच, कर, वाहतूक, दुकानाचा नफा काढला तर शेतकऱ्याच्या हातात काय उरतं?

गारोनकाठी | सोमवार, सायंकाळी ७.५०

@शंकासुर, थोडंच उरतं. आणि हे रडगाणं या भागात सव्वाशे वर्षांचं आहे.

१९०७ ची गोष्ट. साखर आणि पाणी घालून केलेल्या नकली वाइनने आणि अतिउत्पादनाने भाव कोसळले होते. नार्बोनजवळच्या आर्जेलिए गावात कॅफे चालवणारा, थोडी बाग असलेला मार्सलँ आल्बेर हा माणूस ११ मार्चला गावातली ८७ माणसं घेऊन नार्बोनला चालत गेला. पुढे दर रविवारी सभा. जूनमध्ये माँपेलिएच्या सभेला लाखो लोक जमले. सरकारने सैन्य धाडलं, नार्बोनमध्ये गोळीबार झाला, माणसं मेली. मग सतराव्या पायदळ पलटणीतले सैनिक, जे याच भागातल्या शेतकऱ्यांची पोरं होती, बंड करून उठले. आल्बेर गुपचूप पॅरिसला जाऊन पंतप्रधान क्लेमांसोला भेटला. क्लेमांसोने परतीच्या तिकिटाला म्हणून शंभर फ्रँकची नोट दिली आणि ती बातमी वर्तमानपत्रांत पोचवली. झालं. गावाकडे आल्बेर विकला गेला म्हणून ठरलं. त्याच जून महिन्याच्या अखेरीला भेसळीविरुद्ध कायदा मात्र झाला.

दुसरा धागा सहकाराचा. बेझिएजवळच्या मारोसाँ गावात १९०१ मध्येच बागायतदारांनी एकत्र येऊन वाइन विकायला सुरुवात केली होती. आज या भागात अनेक गावांत सहकारी तळघर आहे. मी आणलेली बाटलीही सहकारी संस्थेचीच. प्रवरानगरचा कारखाना १९५० चा, त्याआधी अर्धं शतक हे लोक तेच करत होते. दहा-बारा हेक्टरवाल्याला स्वतःच्या टाक्या, बाटल्या भरायचं यंत्र, विक्रीचा माणूस परवडत नाही. एकत्र केलं की सात युरोंत बसतं. कारिन्यानचे अख्खे, न चेचलेले घड बंद टाकीत कार्बन डायऑक्साइडखाली ठेवतात, मणी आतल्या आत आंबू लागतो, आणि तुरटपणा कमी, फळ जास्त अशी वाइन लवकर तयार होते. वर्षानुवर्षं पिंपात ठेवायचा खर्च वाचला. बाटली स्वस्त पडायचं हेही एक कारण.

पण २०२३ मध्ये फ्रान्सला शिलकी वाइन अल्कोहोल करून संपवण्यासाठी वीस कोटी युरो काढावे लागले. त्यानंतर बाग कायमची उपटणाऱ्याला हेक्टरी ४००० युरो. लोक कमी पितात, दुष्काळ वाढलाय, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये तर कोर्बिएरमध्ये मोठा वणवा लागला. आम्ही ज्या रस्त्याने फिरायला जायचो तिथला डोंगर काळा आहे अजून.

डावणीवैरी | सोमवार, रात्री ८.४०

बाग उपटायला पैसे देतात? आमच्या शिवारात गेल्या हंगामात दोघांनी बाग तोडली. कुऱ्हाड पण स्वतःची आणि डिझेल पण स्वतःचं.

खवय्या_कोल्हापुरी | सोमवार, रात्री ९.१५

एवढं सगळं वाचलं, जेवणाचं कुणी बोलेना. ताई, तांबड्या रश्शाबरोबर कशी लागेल?

गारोनकाठी | सोमवार, रात्री ९.४०

भाऊ, तो अपघात मी केलाय. १४ टक्के अल्कोहोल आणि लवंगी मिरची एकमेकांना भडकवतात, तुरटपणा वरून मीठ चोळतो. ना रश्शाची चव कळली ना वाइनची, कानातून वाफ निघाली. सुकं मटण करा, काळ्या मसाल्याचं, तिखट निम्मं. नाहीतर भरीत, चुलीवर नसेल तर गॅसवर भाजलेलं. त्या धुराशी सिराचं छान जमतं.

आणि बांगड्याबरोबर चुकूनही नको. लाल वाइनमधलं लोह आणि तेलकट मासा एकत्र आले की तोंडात गंजका खिळा धरल्यासारखं होतं.

खवय्या_कोल्हापुरी | सोमवार, रात्री ९.४४

तिखट निम्मं हे वाक्य कोल्हापुरात चालत नाही. बिअर उघडतो.

डावणीवैरी | मंगळवार, सकाळी ६.०५

ताई, एक सांगायचं राहिलं. मी वाइनचं द्राक्ष अकरा वर्षं पिकवतोय, पण वाइन चाखलेली नाही. गळ्यात माळ आहे, दर वर्षी वारी असते. कंपनीचे लोक येतात, पेला पुढं करतात, मी हात जोडतो.

मग कळतं कसं? ब्रिक्समापक (रसातली साखर मोजायचं यंत्र) आहे. टेबल द्राक्ष १८ च्या आसपास निघतं, शिराझ २३-२४ पर्यंत वेलीवर ठेवतो. पण माझा खरा भरवसा बियांवर. मणी तोंडात टाकायचा, गर गिळायचा, साल दाताखाली धरायची आणि बी चावायची. बी हिरवट असली तर जिभेला कच्च्या सुपारीसारखी ओढ बसते. तपकिरी होऊन कुडुम वाजली आणि भाजलेल्या दाण्यासारखी लागली की तोडणीला माणसं सांगायची. तुम्ही जो तुरटपणा पेल्यात शोधता तो मला फेब्रुवारीत बागेत उभ्या उभ्या कळतो.

तुमच्याकडं तोडणी सप्टेंबरात ना? त्या कारिन्यानची बी चावून बघा आणि मला सांगा. जुन्या वेलीची आणि तरुण वेलीची, दोन्ही. आपल्या शिराझशी ताडून बघायचं आहे.

गारोनकाठी | मंगळवार, रात्री १०.२०

दादा, सहकारी तळघराला आज मेल टाकली. तोडणीला माणसं कमी पडतात, एक दिवस हात लावायला या म्हणाले. मी विचारलं, तुमच्याकडे बी चावून बघतात का? पलीकडून एक ओळ आली: "आमचे आजोबा बघायचे. आता प्रयोगशाळा बघते."

सासूबाई शनिवारी निघतायत. रिकामी बाटली धुऊन, उन्हात वाळवून त्यांनी बॅगेत साड्यांच्या मध्ये ठेवलीय. कराडला पोचली की त्यात आगळ भरणार आहेत म्हणे, काच जाड आहे म्हणून.